रुमालाचं झाड आणि दुधाचा दात

"जो माणूस झाड लावतो, त्याच्यापुढे काळसुद्धा हात टेकतो!"

हे वाक्य डॉक्टरांनी गुडघाभर खड्ड्यात उभं राहून, छाती पुढे काढून, घरामागच्या कुंपणाला उद्देशून म्हटलं. कुंपणाने हरकत घेतली नाही. पलीकडे दोरीवर वाळत पडलेल्या शेजाऱ्याच्या पायजम्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं. काळ त्या वेळी आसपास असलाच, तर त्याला हात टेकायला सवड मिळाली नाही. कारण तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि बायकोचं डोकं बाहेर आलं.

"अहो, माझा सूप वाढायचा डाव कुठाय?"

डाव डॉक्टरांच्या हातात होता आणि त्याला दांड्यापर्यंत माती लागली होती. खड्डा फावड्याने केव्हाच खणून झाला होता. पण त्याच्या भिंती आतून गुळगुळीत झाल्याशिवाय डॉक्टरांच्या जिवाला बरं वाटेना. डॉक्टर दातांचे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो खड्डे कोरले ते बुजवण्यासाठीच, आणि पोकळी आतून नीट तासलेली असावी, एवढं एकच सौंदर्यशास्त्र त्यांना ठाऊक होतं. निवृत्त होऊनही सवय सुटली नव्हती. रस्त्यात कुणी नमस्कार केला, तर तो हसेपर्यंत त्यांना ओळख पटत नसे.

"असेल तिथेच कुठेतरी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डाव पाठीमागे लपवला.

"तुमच्या पाठीमागे आहे. धुऊन आणा."

खिडकी लागली. एवढं बोलूनही बायकोला दम लागला होता. काचेवर धरलेली वाफ डॉक्टरांना खड्ड्यातून दिसली, आणि काळाबद्दलचं पुढचं वाक्य त्यांनी मुकाट्याने गिळलं.

बायको टेलिफोन ऑपरेटर होती. दोन माणसांची लाइन जोडून द्यायची, ती बोलायला लागली की आपण मधून बाजूला व्हायचं, हा तिच्या नोकरीचा नियम. संसारातही तिने तोच पाळला. लग्नाआधी ती डॉक्टरांकडे आली होती ती पेशंट म्हणून. वरचा एक सुळा वाकडा होता, तेवढा काढून टाका म्हणाली. वाकडा दात दिसला की डॉक्टरांचे हात शिवशिवत. पण ती खुर्चीत बसली, दिव्याने डोळे दिपले म्हणून उगाच हसली, आणि डॉक्टर चिमटा खाली ठेवून म्हणाले, "हा राहू द्या." त्यांच्या हातून सुटलेला तो एकमेव वाकडा दात. पुढे त्यांनी त्याच्याशी लग्न केलं.

अशा बाईने कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हृदयाच्या डॉक्टरांनी तिला तपासून "जपा" असं म्हटल्यावर. जपा म्हणजे काय, हे तिच्या नवऱ्याला बरोबर कळलं. न वाचणाऱ्या दाताबद्दल ते स्वतः पेशंटला हेच सांगत असत. घरी येताना गाडीत तीच म्हणाली,

"लहानपणी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक झाड होतं. रुमालाचं."

"रुमालाचं?"

"फुललं की फांदीफांदीला पांढरे रुमाल लोंबायचे. वारा आला की अख्खं झाड आपल्याला हात हलवतंय असं वाटायचं. मी रोज घरी जाताना त्याला टाटा करायचे. मग वडिलांची बदली झाली. आम्ही निघालो तेव्हा ते फुललेलं नव्हतं. म्हणजे त्याच्याकडून टाटा राहिलाय अजून. एकदा फुललेलं बघायचंय."

"बघशील. आपल्या दारात बघशील," डॉक्टर म्हणाले. ते झाड कसं असतं, कुठे मिळतं, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. पण पेशंटला "दुखणार नाही" असं सांगून सांगून त्यांची जीभ आश्वासनांना सरावलेली होती.

शोध सुरू झाला. नर्सरीवाल्याने रुमालाचं झाड हे शब्द ऐकून डॉक्टरांकडे नीट न्याहाळून पाहिलं. "त्यापेक्षा पाम न्या. मरत नाही."

"फुलतो?"

"फुलत नाही. पण मरत नाही."

या हिशोबाने दारात विजेचा खांबही लावता आला असता. डॉक्टर तिथून निघाले ते दुर्मिळ वृक्षप्रेमी मंडळात जाऊन धडकले. मंडळात दुर्मिळ झाडांपेक्षा पदाधिकारी जास्त होते. अध्यक्षांनी पडद्यावर रुमालाच्या झाडाची छायाचित्रं दाखवली. प्रत्येक छायाचित्रात झाडाच्या पुढे अध्यक्षच फुललेले होते. एवढं मात्र कळलं, की बी पेरून हे झाड वाढवलं तर फुलायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि चांगलं कलम मिळालं तर तीन-चार वर्षांत भागतं. डॉक्टरांनी मनातल्या मनात बायकोची वर्षं मोजायला घेतली आणि घाईघाईने थांबवली.

"कलम आहे कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

"जजबाईंकडे," चिटणीस कुजबुजले. "पण त्या कुणाला देत नाहीत. मागच्या अध्यक्षांनी मागितलं होतं, तर त्यांना उलटून गेलेली तारीख दिली."

जजबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश. वय ऐंशीच्या पुढे, घराभोवती उंच भिंत, भिंतीआड जगातली न मिळणारी झाडं. डॉक्टरांनी फाटक वाजवलं, तेव्हा त्या फाटकाच्या फटीतून म्हणाल्या, "नाही."

"मी अजून काही मागितलंच नाही."

"मागणार आहेस. नाही."

दर "नाही"ला त्यांच्या तोंडात टक असा बारीक आवाज होत होता. डॉक्टरांनी कान टवकारले.

"बाई, तुमची वरची कवळी सैल झालीये."

फटीतला डोळा बारीक झाला.

"सफरचंद चावून किती वर्षं झाली?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. मघापासून टकटक करून बोलावतेय मला."

फाटक उघडलं. निवृत्तीत गंजत पडलेली हत्यारं बाहेर निघाली, जजबाईंच्या तोंडाचं माप घेतलं गेलं, आणि डॉक्टरांनी आयुष्यात कुणासाठी केली नसेल अशी कवळी केली. जजबाईंनी त्यांच्यासमोर सफरचंदाचा लचका तोडला, डोळे मिटून चावला, गिळला आणि म्हणाल्या, "मंजूर."

कलमाबद्दलची समज मात्र त्यांनी त्याच्या आधीच दिली होती. डॉक्टर कवळीची कड छोट्या यंत्रावर घासत होते तेव्हा. दातांविना जजबाईंचा शब्द गादीत बुडून वर आल्यासारखा यायचा, पण कळायचा. फक्त ऐकावं लागे.

"दोन झाडं जोडून कलम होतं, डॉक्टर. खाली रानटी खुंट, तो फक्त मुळांपुरता. वर खरं झाड. हा मधला जोड दिसतोय? हा मातीच्या वर ठेवायचा. जोडाच्या वरचं ते आपलं. खालून काही फुटलं की उपटायचं."

"हं हं," डॉक्टर म्हणाले.

पेशंटच्या तोंडात यंत्र घालून मुलाबाळांची चौकशी करायची आणि उत्तर आलं की "हं हं" म्हणायचं, यात त्यांची हयात गेली होती. समोरचा काय बोलतो हे ऐकणं त्या धंद्यात गैरसोयीचं असतं. जजबाईंच्या बोलण्यातलं "उपटायचं" तेवढं ओळखीचं असल्यामुळे त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

तर ते कलम, म्हणजे बोटाएवढी जाड एक वाकडी काटकी, डॉक्टरांनी डावाने तासलेल्या त्या खड्ड्यात लावलं. जोड मातीच्या वर उघडा पाहून त्यांना कसंसंच झालं. दाताचं मूळ हिरडीखाली झाकलेलं असलं म्हणजे दात निरोगी, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. त्यांनी माती ओढली आणि जोड व्यवस्थित गाडून टाकला.

वसंतात काटकीला चार-सहा पानं फुटली. बायको नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत अंगणात आली, वाकली, एक पान तिने गालावर घासून पाहिलं.

"अगबाई, हेच! कडेला दात आहेत बघा, करवतीसारखे. मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींच्या गालाला टोचायचो. बघा ना."

"मला दात दाखवू नकोस, मी निवृत्त आहे," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही.

त्या उन्हाळ्यात बायको दवाखान्यात गेली आणि बरेच दिवस तिथेच राहिली. डॉक्टर बाकड्यावर झोपले, कॅन्टीनचा बेचव चहा प्यायले, नर्सबाईंच्या दाढा फुकट तपासल्या. अंगणाला पाणी शेजारी घालत होता. शेजारी विमा एजंट. कुणाच्याही घरात डोकावायचा त्याला सराव होता. दोघं घरी परतली तेव्हा पानगळ होऊन गेली होती. बायको आत जाऊन पडली आणि डॉक्टर अंगणात आले.

पाहतात तो एकाच्या जागी दोन. जुनी वाकडी काटकी होती तशीच होती, रुसल्यासारखी. तिच्या बुडातून, मातीतून थेट, एक सरळसोट, तुकतुकीत खोड वर आलं होतं, डॉक्टरांच्या छातीपर्यंत. दोघांवरही पान नव्हतं. डॉक्टर उकिडवे बसले. हा प्रकार त्यांनी कुठेतरी पाहिला होता. एकदा नव्हे, हजार वेळा पाहिला होता. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या तोंडात.

खाली कायमचा दात येतोय आणि वर दुधाचा अडून बसलाय!

आनंदाने त्यांच्या अंगावर शहारा आला. दुधाचा दात वेळेवर काढला नाही तर कायमच्याला जागा मिळत नाही, तो वेडावाकडा येतो, हे त्यांनी किती आयांना ओरडून सांगितलं होतं. आणि जजबाईंनीही बजावलं होतंच की, उपटायचं म्हणून. डॉक्टरांनी वाकड्या काटकीला मुळाशी पकडलं, अनुभवी मनगटाला एक हलका पीळ दिला, आणि ती कट्कन हातात आली. अगदी स्वच्छ निघाली. त्या कामगिरीचा त्यांना फार अभिमान वाटला.

ते ती घेऊन बायकोकडे धावले. "दुधाचा दात पडला! आता खरं झाड वाढणार बघ."

बायकोने काटकी हातात घेतली, उशीवर टेकून उलटीसुलटी पाहिली. "राहिला असता की हा पण."

"अगं वाकडा होता."

"वाकडा होता म्हणून काढलात होय?" ओठ वर करून तिने आपला सुळा दाखवला. "मग माझं काय?"

"तू कायमची आहेस," डॉक्टर म्हणाले.

ती हसली आणि तिने खिडकीकडे तोंड केलं.

पुढच्या वसंतात झाडाने खिडकी गाठली. पानं अशी तकतकीत, की डॉक्टर शेजाऱ्याला बोलावून बोलावून दाखवत. बायकोला आता अंगणापर्यंत जाणं होत नव्हतं. तिची खुर्ची खिडकीशी आली होती. तिने एक पान मागवलं. डॉक्टरांनी ते बशीत घालून आणलं. तिने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, देठापासून टोकापर्यंत. मग दुसऱ्या कडेने टोकापासून देठापर्यंत. मग ते गालावर घासलं.

"काय गं?"

"काही नाही. काय तेज आहे पानांना!" ती म्हणाली. "शेजारच्यांनी पाहिली का? दाखवा जा."

डॉक्टर परत आले तेव्हा ती फोन खाली ठेवत होती.

"कुणाचा होता?"

"राँग नंबर."

जन्मभर टेलिफोन ऑपरेटर असलेल्या बाईला राँग नंबर लागतो, याचं तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. डॉक्टर झाडाला घालायच्या खताच्या विचारात होते.

झाड फुललं नाही. डॉक्टर रोज सकाळी खालून वर डोळे ताणत आणि तोंड पाडून आत येत. मग बायकोच म्हणे, "तिकडच्या फांदीवर कळीसारखं दिसतंय काहीतरी." ते पुन्हा बाहेर धावत. शेजाऱ्याने कुंपणावरून सुचवलं, "वहिनी, मी बांधू का दोन डझन रुमाल? लांबून कळणार नाही."

"खबरदार!" खिडकीतून आवाज आला. "मला हृदयाचा त्रास आहे, डोळ्यांचा नाही. आणि नंतर ते काढून धुणार कोण?"

पानगळीच्या तोंडावर ते झाड पेटलं. पानन् पान लालभडक झालं. असं व्हावं अशी डॉक्टरांची काही अपेक्षा नव्हती. त्यांना ती तब्येतीची तक्रार वाटली. बायको मात्र दिवस दिवस बघत बसायची.

"फुललं की हो," एका दुपारी ती म्हणाली.

"पानं आहेत गं ती. हे तर काहीच नाही. पुढच्या वसंतात रुमाल, नक्की."

"नक्की," ती म्हणाली. वारा आला, झाड हललं, आणि तिने मांडीवरचा हात जरासा उचलून हलवला. डॉक्टरांना वाटलं माशी असेल.

पानं गळायच्या आधीच ती गेली.

हिवाळा आला आणि गेला. मुलगी परगावाहून येऊन राहिली, आवराआवर करून, "बाबा, जेवत जा" असं बजावून परत गेली. डॉक्टर जेवत होते. पातेल्यातूनच जेवत होते. वाढायला कुणी नसलं म्हणजे डाव लागत नाही. डाव खिळ्यावर होता. झाड फुललं नाही यापेक्षा त्यांना एक गोष्ट जास्त खात होती. आपण बायकोला "दुखणार नाही" छापाचं आश्वासन दिलं आणि ती त्याच्यावर विसंबून वाट बघत बसली.

पुन्हा पानं फुटली, तेव्हा एका सकाळी दारात टॅक्सी थांबली. जजबाई उतरल्या. "कवळीला तडा गेलाय. अक्रोडाने," त्यांनी जाहीर केलं, कवळी डॉक्टरांच्या हातावर ठेवली आणि काठी टेकत सरळ मागच्या अंगणात गेल्या. डॉक्टर कवळी घेऊन मागोमाग.

जजबाईंनी झाड पाहिलं. काठीने बुडाची माती उकरली. तिथे जुन्या जोडाची एक सुकलेली गाठ वर आली.

"हा खुंट आहे. रानटी. ह्याला रुमाल कधीच येत नाहीत," दातांविना जजबाई म्हणाल्या. या वेळी डॉक्टरांच्या हातात चालू यंत्र नव्हतं, आणि त्यांनी एकेक शब्द ऐकला. "वरचं तू उपटलंस."

"दुधाचा दात..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

त्यांनी एक पान तोडलं. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, देठापासून टोकापर्यंत. कड गुळगुळीत होती. चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिलेल्या माणसाला पानाला दात नाहीत हे दिसलं नव्हतं. असाच अंगठा फिरवताना त्यांनी दुसऱ्या कुणालातरी पाहिलं होतं.

"तिला माहीत होतं?"

"तिनंच मला फोन केला होता. 'बाई, पानाला दात नाहीत,' म्हणाली. मी म्हटलं, नवऱ्याला दे फोन, त्याला शिक्षा सुनावते आणि दुसरं कलम देते. ती म्हणाली, 'नको. ते फुलेपर्यंत मी कुठली? आणि यांना कळलं, तर आहेत तेवढे दिवस हे तोंड पाडून बसतील. मला रोज तेच तोंड बघायचंय.'"

डॉक्टरांनी पान जपून खिशात घातलं.

"रागावली होती?" त्यांनी विचारलं.

"हसत होती. मग खोकला आला. मग नव्हती हसत." जजबाईंनी काठीने टॅक्सीकडे खूण केली. "म्हणाली, 'मी गेल्यावर एक कलम त्यांना द्या. आणि जरा नीट समजावून सांगा, ते ऐकत नाहीत.' मी म्हटलं, आता कशाला? त्यांना तरी कधी फुललेलं दिसणार? तर म्हणाली, 'त्यांना काहीतरी उकरायला लागतं हो.' आण ते डिकीतून. वाकडं आहे. वाकडंच असतं ते."

लाइन जोडून देऊन ती मधून बाजूला झाली होती.

"आणि हे?" डॉक्टरांनी लाल व्हायचं एवढंच ठाऊक असलेल्या त्या सरळ झाडाकडे पाहिलं.

"त्याला राहू दे. त्याचा काय गुन्हा?" असा निकाल देऊन जजबाई आत गेल्या. दात नसल्याने त्यांना दुपारी पातळच काही खायला हवं होतं, आणि परक्याच्या स्वयंपाकघरात परवानगी विचारायची त्यांना सवय नव्हती.

डॉक्टरांनी खड्डा खणला. सरळ झाडाच्या शेजारी, त्याच्या सावलीत येणार नाही एवढ्या अंतरावर. फावड्याने झाल्यावर ते आत जाऊन खिळ्यावरचा डाव घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी भिंती तासल्या. जोड मातीच्या वर, बोटभर उघडा ठेवला. उघडं मूळ बघवत नव्हतं, पण ठेवला. कलम वाकडं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. मग ते उठून उभे राहिले, छाती पुढे काढली, कुंपणाकडे पाहिलं.

"जो माणूस झाड लावतो," त्यांनी सुरुवात केली.

कुंपण ऐकत होतं. पायजमे ऐकत होते. पुढचं वाक्य तोंडाशी होतं, पण डॉक्टर थांबून राहिले. मातीने भरलेला डाव पाठीमागे धरून ते स्वयंपाकघराच्या बंद खिडकीकडे बघत होते.

वारा पडला होता. लांबवर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

मग खिडकी उघडली. जजबाईंचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"सूप तयार आहे. डाव सापडत नाही तुझा."

"माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग आण की. धुऊन आण."